कावेरीच्या नऊ उमजा

ज्या वर्षी लातुरातल्या झाडून सगळ्यांना आकाश निळं का दिसतं ते कळून चुकलं, त्या वर्षी कावेरी बोईनवाडची फी नऊ उमजांवर अडली.

नऊ म्हणजे फार नव्हेत. पण गावात समजायचं राहिलेला माणूसच मिळेना.

मी वैजनाथ बिडवे. बालाघाट विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर माझी मेस आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंत. त्यामुळे इथं शास्त्राचं जे काही सांगतो ते जेवायला येणाऱ्या पोरापोरींकडून ऐकलेलं आहे. त्यात चूक असली तर ती माझी.

तर उमज म्हणजे काय? माणसाला एखादी गोष्ट खरोखर कळते, त्या क्षणी त्याच्या मेंदूत एक घडामोड होते. आधी मेंदू पापणी लवण्याइतका वेळ गप्प होतो. समोर काय दिसतंय तिकडेही त्याचं लक्ष नसतं. मग उजव्या कानाच्या वरच्या भागात एक वेगवान लहर उठते. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याचा खेळ. पाठांतर केलं तर ही लहर उठत नाही. उगीच मान हलवली तरी उठत नाही. आतापर्यंत डोक्यात एक मांडणी होती, ती मोडून दुसरी बसली, तरच उठते. हे पुष्कळ वर्षांपासून माहीत होतं म्हणे. पण ते मोजायला खोलीएवढी यंत्रं लागायची. मग कपाळाला बांधायची पट्टी निघाली. पट्टी लहर पकडते आणि टिंग करते. ऐकणाऱ्याच्या कपाळाला पट्टी आणि सांगणाऱ्याच्या गळ्यात बिल्ला. टिंग झालं की बिल्ल्यावर एक उमज जमा.

एखादी गोष्ट मोठी असली तर नुसतं एक टिंग होऊन थांबत नाही. तिच्यामागे अडकलेल्या बारीकसारीक गोष्टी एकेक सुटत जातात, आणि प्रत्येकीची वेगळी उमज धरतात.

सरकारला ही पट्टी आवडली. औषधाची गोळी अर्धी का सोडू नये हे ज्यांना खरंच कळलं होतं, ते दवाखान्यात कमी येतात, असं कुठंतरी दिसून आलं. म्हणून लोकांना शहाणं करण्यासाठी दर उमजेमागे विद्यापीठांना अनुदान सुरू झालं. आणि विद्यापीठांनी फीच्या फॉर्मवर चौथा चौकोन छापला. रोख, कर्ज, शिष्यवृत्ती आणि उमज. सहा महिन्यांत दोनशे उमजा आणा, फी माफ.

पहिल्या वर्षी मजा झाली. एका प्राध्यापकांनी हौसेनं अख्ख्या वर्गाला पट्ट्या बांधल्या. ऐंशी पोरं, एक तास, तीन उमजा. त्यातल्या दोन पंखा दुरुस्त करायला आलेल्या इलेक्ट्रिशियनच्या. त्यानं पोरांना विचारलं होतं की पंखा हळू फिरायला लागला तर आधी काय बघाल, आणि मग स्वतःच सांगितलं. त्यानंतर प्राध्यापकांनी पट्टीचं नाव काढलं नाही.

घराघरांतही पट्ट्या शिरल्या. बायका नवऱ्याला म्हणायला लागल्या, "कळलं म्हणताय ना? मग पट्टी बांधून म्हणा."

पण एकच गोष्ट दोनदा समजत नाही. तिथंच घोळ झाला. चार हजार पोरं आणि गाव तेवढंच. भाजीवाल्यांना गुरुत्वाकर्षण कळलं. न्हाव्यांना साबण कळला. बसस्टँडवरच्या हमालांना चंद्राच्या कला, भरती-ओहोटी, आणि लातुरात समुद्र नसला तरी तो खारट का, हे सगळं कळलं. दुसऱ्या वर्षी पोरं एसटीनं औसा, चाकूर, रेणापूर अशी अडाणी माणसं शोधत फिरायला लागली. तिसऱ्या वर्षी तिथलीही संपली.

"मामा, आज रिक्षावाला काय म्हणाला माहितीये?" कावेरी एकदा ताटावर बसता बसता म्हणाली. "म्हणाला, ताई, भाडं चाळीस. काही समजून घ्यायचं असंल तर वरचे वीस."

"मग दिलेस?"

"दिले ना. मी सांगायला लागले भूकंप कसा होतो. तर तोच मला म्हणतो, ताई, प्लेटा सरकतात हे मागच्या महिन्यात झालं. नवीन काय असंल तर बोला."

कावेरी देगलूरची. शरीरशास्त्र शिकते, तिसऱ्या वर्षात जायची होती. वडील शाळेची व्हॅन चालवतात. कर्जाचं नाव काढलं की त्यांना जेवण जात नसे. शिष्यवृत्तीचा एक कागद दोन वर्षं कुठल्यातरी टेबलावर पडून होता. राहिला चौथा चौकोन. तिनं एकशे एक्याण्णव उमजा जमवल्या होत्या, त्याही एकेक वेचून. शेवटची तारीख शुक्रवार, संध्याकाळी पाच. नाही जमलं तर नाव कमी होणार होतं, आणि देगलूरला चुलत्याच्या मोबाइलच्या दुकानातली खुर्ची तिच्यासाठी पुसून ठेवलेली होती.

आता गावात कोरा माणूस एकच उरला होता. तो म्हणजे मी.

मीही श्रोता म्हणून नाव नोंदवलेलं होतं. पट्टी माझी मला मिळाली होती. पण दोन वर्षांत ती एकदाही वाजली नव्हती. पोरं माझ्यावर येऊन येऊन थकली. मला ‘बिडवेमामांचा खडक’ म्हणायची. शर्यती लावायची. कावेरीनं मात्र सोडलं नव्हतं.

"मामा, कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते?"

"शिट्टी होते म्हणून."

"आणि शिट्टी का होते?"

"डाळ शिजली म्हणून."

तिनं कपाळाला हात लावला. मग वाफ, दाब, पाणी शंभर अंशांच्या वर कसं तापतं, सगळं नीट सांगितलं. मी "हं… हं… बरोबर" करत गेलो. पट्टी गप्प.

"मामा, कळत नाही तर हं हं कशाला करता?"

"तू एवढी जीव तोडून बोलतेस. गप्प बसायला बरं दिसत नाही."

"अहो, सगळं गाव हेच करत होतं! म्हणून तर पट्टी काढावी लागली." आणि हसली. हसताना तिचा घास अडकला, मी पाणी दिलं.

सोमवारी ती आली ती पुस्तकाशिवाय. भाकरी कुस्करत म्हणाली, "मी आमच्या पडिलेमॅडमना तुमच्याबद्दल विचारलं."

"काय विचारलंस? मामा ढ आहेत का म्हणून?"

"त्या म्हणाल्या, ढ माणसाची पट्टी उलट जास्त वाजते. उमज यायला मनात आधी प्रश्न लागतो. पण कधीकधी एकच प्रश्न इतका मोठा असतो की तो दारातच बसून राहतो. मग दुसरं काही आत जात नाही." ती माझ्याकडं बघत होती. "मामा, तुमच्या दारात कोण बसलंय?"

"कुणी नाही. आमटी घे अजून."

ती गेल्यावर मी भांडी घासायला बसलो आणि एकच पातेलं बराच वेळ घासत राहिलो.

महानंदा, माझी बायको, दोन वर्षांपूर्वी गेली. सकाळी अकराला बाजारातून भाजी घेऊन आली आणि म्हणाली, डोकं जड झालंय. मी तव्यावर होतो. म्हटलं, आत पड जरा, एवढी पंगत उरकतो. तीस पोरं जेवायची होती. मधे एकदा डोकावलो तर ती घोरत होती. म्हटलं, झोपली, बरं झालं. पंगत उठली तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. हाक मारली तर उठेना. दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. नेलं तेव्हाच तिथला एक तरुण डॉक्टर जाता जाता म्हणाला, "जरा आधी आणलं असतं तर…" आणि पुढच्या पेशंटकडं गेला. त्याचं पुढचं वाक्य मी दोन वर्षं एकटाच पुरं करत होतो. तीस पोरांना पोळ्या वाढल्या आणि बायको घालवली. हा माझा प्रश्न. कुणाला विचारायचा?

मंगळवारी कावेरीचं जेवण झाल्यावर मी तिच्यापुढं दवाखान्याची फाइल ठेवली. दोन वर्षांत मी तिची पिशवीसुद्धा उघडली नव्हती.

"हे वाचता येईल का तुला?"

तिनं पहिलं पान बघितलं, नाव वाचलं. मग पहिल्यांदा तिनं काय केलं, तर टेबलावर पडलेली माझी पट्टी उचलून माझ्या खिशात घातली.

"मामा, हे फीचं नाही."

"नसू दे."

"मला दोन दिवस द्या. मला जेवढं कळतं तेवढ्यावर मी बोलणार नाही. मॅडमना विचारते. आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही सांगणार नाही, जे असेल ते सांगीन. चालेल?"

"चालेल."

"वाईट असलं तरी?"

"वाईटच धरून बसलोय, बाई."

बुधवारी ती जेवायला आली नाही. बाकीच्या पोरी म्हणाल्या, ती लायब्ररीत आहे. फीला दोन दिवस, आणि ही पोरगी माझी फाइल वाचत बसली होती. मला माझीच लाज वाटली. त्या दिवशी मी ठरवलं ते सरळ सांगतो. गुरुवारी स्वयंपाक करताना डोक्याला बांधतो त्या रुमालाखाली मी पट्टी बांधली. फाइलीचं काय निघेल ते निघो. त्यानंतर तिच्याकडून कुकर म्हणा, भूकंप म्हणा, काहीतरी समजून घ्यायचंच, असा माझा बेत होता. समजणं काही ठरवून होत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुपारी तीनला मेस रिकामी होती. कावेरी आली आणि माझ्यासमोर बसली. गळ्यात बिल्ला होता. तो त्यांना कायम घालावाच लागतो.

"मामा, तुमच्या मेसचा मीटर कुठंय?"

"हा काय, दाराच्या मागं."

"समजा, मागच्या खोलीतली तार जळाली. काय होईल?"

"त्या खोलीतला दिवा जाईल. बाकीचं चालू राहील. वायरमन येऊन जोडून जाईल."

"आणि मीटरच्या बोर्डातच जाळ झाला तर?"

"सगळंच गेलं."

"मेंदूतही असा एक बोर्ड असतो. मानेच्या वर, अंगठ्याएवढा. श्वास, जाग, हृदयाचे ठोके, सगळ्या तारा त्यातून जातात. मेंदूत दुसरीकडं कुठं रक्त आलं तर वेळ महत्त्वाचा असतो, लवकर नेलं तर माणूस वाचतो. मामींना त्या बोर्डातच रक्त आलं. फाइलीतल्या मेंदूच्या फोटोत त्याचा आकार लिहिलाय. एवढं रक्त तिथं आलं की पहिल्या काही मिनिटांतच तारा जातात. तिथं ऑपरेशनचा हात पोचत नाही, कारण हात घालायचा तर त्याच तारा कापाव्या लागतात. मी मॅडमना तीनदा विचारलं. त्यांनी त्यांच्या डॉक्टर भावाला फोटो दाखवला."

मी दाराच्या मागच्या मीटरकडं बघत होतो. खरं तर मीटर मला दिसतही नव्हता.

"म्हणजे," मी म्हणालो, "वायरमन दारात उभा असता तरी…"

टिंग.

कावेरी उठून उभी राहिली. "मामा. पट्टी बांधलीय तुम्ही?"

"खाली बस."

"काढा ती. हे मी फीला लावणार नाही."

"तू बस आणि मला सांग. ती घोरत होती. ती कधी घोरायची नाही."

ती उभीच होती. मग बसली. "ती झोप नव्हती, मामा. बेशुद्धीत जीभ मागं जाते, श्वास अडतो, त्याचा तसा आवाज येतो."

टिंग. म्हणजे मी डोकावलो तेव्हाच ती तिथं नव्हती.

"मग तिला दुखत असेल का तेव्हा? मी तिकडं पोळ्या वाढत होतो, आणि इकडं…"

"नाही. दुखलेलं कळायला जाग लागते."

टिंग.

"हाक मारली असेल का मला?"

"त्यांना हाक मारता आली नसती."

टिंग.

"मग तो डॉक्टर तसं का म्हणाला?"

"कारण बहुतेकांच्या बाबतीत ते खरं असतं. तोंडात बसलेलं वाक्य आहे ते. त्यानं फोटो बघायच्या आधी म्हटलं असेल. फाइलीत वेळ आहे बघा, दाखल केल्यानंतर बऱ्याच वेळानं फोटो काढलाय."

टिंग. आणि मग मी काही विचारलं नाही तरी ती वाजत राहिली. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागा बदलत होती. तव्यावरची पोळी. घड्याळ. "आत पड जरा" हे माझं वाक्य. ते वाक्य मला दोन वर्षं शिवीसारखं ऐकू येत होतं. आता ते एका नवऱ्यानं बायकोला साधं म्हटलेलं वाक्य झालं. पट्टी वाजायची थांबली तेव्हा माझा रुमाल डोळ्यांवर होता, आणि कावेरी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "श्रोत्यानं चोवीस तासांत अंगठा नाही दिला तर या उमजा रद्द होतात. तुम्ही अंगठा देऊ नका."

"का?"

"मी खिशात घातली होती ना तुमची पट्टी? मी मुद्दाम घातली होती. माझ्या फीसाठी मी मामींना…"

"बघ," मी म्हणालो, "तू पट्टी खिशात घातलीस. मी खिशातून काढली. तू काही मागितलं नाहीस. समजलं ते मला. मग कुणाला काय द्यायचं ते मी ठरवणार का तू?"

"पण हे बरोबर नाही."

"मेसमध्ये दोन वर्षं मी देईन ते खाल्लंस. कारल्याची भाजीसुद्धा. आता हे एवढं घे."

"कारल्याची मी टाकून द्यायची, मामा."

"ठाऊक आहे. बादलीत दिसायची."

मी मोबाइल काढला आणि तिच्यासमोर अंगठा टेकवला. एकदाच टेकवायचा असतो, पण मी दोनदा टेकवला, न जाणो.

शुक्रवारी चारला आम्ही फीच्या खिडकीवर गेलो. मी जायचं काही कारण नव्हतं, पण संध्याकाळची कणीक मी लवकर मळून ठेवली होती. खिडकीवरच्या बाईंनी बिल्ला यंत्रावर ठेवला आणि चष्मा वर केला.

"दोनशे दोन. यातल्या अकरा एका दिवसात, एकाच श्रोत्याच्या." त्यांनी कावेरीकडं संशयानं बघितलं. "लातुरात एका माणसात अकरा उमजा शिल्लक होत्या?"

"मीच तो," मी म्हणालो.

"विषय काय होता? विषय लिहावा लागतो. अकरा आहेत म्हणजे वर विचारतील."

कावेरीनं माझ्याकडं बघितलं. सांगू का नको, असं तिच्या तोंडावर होतं.

"माझी बायको," मी सांगितलं.

बाईंनी पडद्यावरची यादी वरून खाली बघितली. मग खालून वर. भौतिक, रसायन, जीव, भूगोल, आरोग्य. मागं रांग वाढत होती.

"बायको असा विषय नाही," त्या म्हणाल्या. थोडा विचार केला. "गृहविज्ञान टाकते."

आणि शिक्का मारला. पावतीवर कावेरीचं नाव, तिसरं वर्ष, फी पूर्ण.

आम्ही गंभीर तोंडानं पायऱ्या उतरलो. फाटकापर्यंत आलो, तेव्हा कावेरीला हसू आवरेना, आणि तिचं बघून मलाही.

"मामींना चाललं असतं का हो, गृहविज्ञान?"

"भांडली असती," मी म्हणालो. "तिला स्वयंपाकाचा जाम कंटाळा. मेस ही माझी हौस. ती चुलीसमोर पाच मिनिटं टिकायची नाही."

"मग त्यांना काय आवडायचं?"

"टेम्पो चालवायला. भाजी तीच आणायची. अख्ख्या मार्केट यार्डात बाई टेम्पोवाली ती एकटी. लोक वाट सोडायचे."

"इतक्या छान चालवायच्या?"

"नाही गं," मी म्हणालो. "रिव्हर्स तिला शेवटपर्यंत जमला नाही."